पाय थांबवू न देणारी सायकल

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४७. गेली सहा वर्षे गिअरची सायकल नियमाने चालवते. एरवी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत आणि रविवारी आमच्या गटाबरोबर त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन येते. माझा मुलगा पुण्यात शिकत असताना फिक्स्ड गिअरची सायकल वापरत असे. गेल्या वर्षी तो जर्मनीला गेला आणि ती सायकल आमच्या गॅलरीत येऊन पडली. तिला एकही ब्रेक नाही. पुढच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १६. मागचा टायर एकाच जागी कानशीने घासल्यासारखा गुळगुळीत झाला आहे आणि बाकी सगळीकडे नवा दिसतो, हे मला कोडेच आहे. मागच्या महिन्यात मी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवून पाहिली, तेव्हा तिसऱ्या फेरीला तिने मला जवळजवळ फेकूनच दिले. तरीही त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी पाच-सहा फेऱ्या मारते आहे आणि का मारते आहे ते मलाच कळत नाही. गटातले लोक म्हणतात, हे पोरांचे खूळ आहे, या वयात गुडघे घालवून बसाल. मुलगा म्हणतो, 'आई, चालवत राहा, आपोआप कळेल.' गिअर आणि ब्रेक दोन्ही असलेल्या सायकली मिळत असताना लोक अशी सायकल का घेतात? आणि मी ती चालवावी की विकून टाकावी?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, परंतु त्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो आणि तिच्यात तडजोड नाही: पुढच्या चाकाला ब्रेक बसवल्याशिवाय ही सायकल सोसायटीच्या फाटकाबाहेर नेऊ नका. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या बेचक्याच्या माथ्यावर, त्याचे दोन्ही पाय जिथे जुळतात तिथे, आरपार भोक आहे का ते पाहा. बहुतेक फिक्सींना, म्हणजे फिक्स्ड गिअरच्या सायकलींना, ते असते, म्हणजे ब्रेक बसवण्याची सोय मुळात असते आणि तो हौसेने काढलेला असतो. पायांनी उलटा जोर लावून मागचे चाक रोखता येते, हे खरे आहे. पण सायकल जोरात थांबवू लागले की शरीराचा भार पुढे जातो, मागचे चाक हलके होते आणि हलके झालेले चाक रस्त्याला धरून राहत नाही, ते नुसते घसरते. ऐन वेळी खरे थांबवते ते पुढचेच चाक. ब्रिटनच्या कायद्यानेही फिक्स्ड चाक हा एक ब्रेक मानला आहे, पण रस्त्यावर यायचे तर पुढचा ब्रेक त्याच्या जोडीला सक्तीचा ठेवला आहे. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच एका सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी त्या तरुणाला दीड वर्षाची शिक्षा झाली. ब्रेक नसल्याने सायकल सुंदर दिसते हे मला मान्य आहे. तिला ब्रेक लावलात, तर एवढे सौंदर्य तुम्ही सोडून द्याल, बाकी काही नाही.

आता तिने तुम्हाला फेकले का, ते पाहू. लहान मुलाची तीनचाकी सायकल आठवा. तिची पायडले थेट पुढच्या चाकालाच जोडलेली असतात, म्हणून उतारावर सायकल पळू लागली की पायडले गरगर फिरतात आणि मूल दोन्ही पाय वर उचलून ओरडते. तुमच्या मुलाच्या सायकलीत चेन मध्ये आली आहे एवढेच. बाकी नाते तेच. नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते, ज्याची टिकटिक आपण पाय थांबवल्यावर ऐकतो, आणि त्यामुळे चाक पुढे पळत राहते तरी पाय स्वस्थ राहू शकतात. फिक्स्ड गिअरमध्ये दात्यांचे चक्र हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, पक्के आवळलेले असते. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणारच, मग तुमची इच्छा असो वा नसो. तुम्ही तिसऱ्या फेरीला सवयीने पाय थांबवलेत, गुडघा ताठ झाला आणि वर येणाऱ्या पायडलाने तुम्हाला सीटवरून उचलले. मीही पहिल्या आठवड्यात एका गतिरोधकासमोर, सहा वर्षे नव्हे तर तीस वर्षांच्या सवयीने, पाय आडवे करून उभा राहायला गेलो होतो. पुढची काही पावले मी सायकलच्या शेजारून धावत पूर्ण केली. चहाच्या टपरीवरच्या मंडळींनी तो प्रसंग पुढे बरेच दिवस लक्षात ठेवला.

टायरचे कोडे मात्र तुमच्याच विषयातले आहे, आणि ते तुम्ही आतापर्यंत सोडवले नाहीत याचेच मला नवल वाटले. ४८ भागिले १६ म्हणजे नेमके ३. पायडलाचा एक फेरा पूर्ण होतो तेव्हा चाकाचे बरोबर तीन फेरे पूर्ण होतात, म्हणजे क्रँक (पायडलाचा दांडा) विशिष्ट जागी आली की टायरचा ठरावीकच भाग जमिनीला टेकलेला असतो. तुमचे चिरंजीव थांबण्यासाठी पाय अडवून मागचे चाक घसरवत होते, तेही दर वेळी एकच पाय पुढे ठेवून, म्हणून दर वेळी रबराचा तोच तुकडा डांबरावर घासला गेला. मागे १६ ऐवजी १७ दाते असते तर ४८ आणि १७ यांच्यात सामाईक अवयव नसल्याने तीच झीज टायरवर सतरा ठिकाणी वाटली गेली असती. अनुभवी फिक्सीवाले दाते निवडताना हा हिशेब करतात. तो टायर आधी बदला. गुळगुळीत जागी तो कधीही फुटेल. मुलाला फोनवर याबद्दल काय विचारायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

लोक ही सायकल का घेतात, या प्रश्नाला पहिले उत्तर असे की एके काळी दुसरी सायकलच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन सारख्या चाकांची आणि चेनची सायकल रुळली, तेव्हा ती फिक्स्डच होती; फ्रीव्हील सर्रास दिसू लागले ते १९०० च्या आसपास. त्यानंतरही जुन्या वळणाच्या लोकांना ते आळशीपणाचे लक्षण वाटे. आँरी देग्रांज हे नाव तुम्ही ऐकले असेल; १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक ते हेच. ते स्वतः सायकलपटू होते आणि १८९३ साली पॅरिसच्या ट्रॅकवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून त्यांनी तासाभराचा पहिला अधिकृत विक्रम केला होता. या गृहस्थांनी १९०२ साली लिहिले की बदलते गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, आपल्याला मात्र फिक्स्ड गिअरच द्यावा. त्यांच्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला सरसकट मुभा मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. तोवर मोठमोठे स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचे चाक काढून, ते उलटे बसवून गिअर बदलत असत. तुमचा गट म्हणतो की सत्तेचाळिसाव्या वर्षी फिक्सी शोभत नाही, आणि देग्रांज यांच्या मते याच वयात गिअर शोभतात. म्हणजे दोघांचे म्हणणे एकच आहे. दोघांकडेही दुर्लक्ष करायला हरकत नाही.

गिअर आल्यावरही फिक्स्ड सायकल टिकली ती मुख्यतः ट्रॅकवर. वेलोड्रोम म्हणजे वळणांवर आत कललेला लंबगोल ट्रॅक. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातला २५० मीटरचा लाकडी ट्रॅक तुम्ही दूरदर्शनवर पाहिला असेल आणि आपल्या बालेवाडीतही वेलोड्रोम आहे. तिथल्या सायकलींना ब्रेक नसतात, आणि हे ऐकून दचकणाऱ्या माणसाला त्यामागचे कारण पटवून द्यायला वेळ लागतो. एकमेकांच्या चाकापासून वीतभर अंतरावर, पन्नास-साठच्या वेगाने जाणाऱ्या स्पर्धकांपैकी कुणी अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर कोसळतील; ब्रेकच नसेल आणि पायही थांबवता येत नसतील, तर प्रत्येकाचा वेग सावकाशच कमी-जास्त होतो आणि मागच्याला त्याचा अंदाज येतो. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा येथे सुरू झालेली केइरिन ही शर्यत याच सायकलींवर चालते. तिथे प्रेक्षक स्पर्धकांवर पैसे लावतात, त्यामुळे फसवणुकीला वाव राहू नये म्हणून सायकलीचा प्रत्येक भाग मान्यताप्राप्त आणि सारख्या प्रतीचा असावा लागतो. म्हणजे ट्रॅकवर ब्रेक नाही, कारण तिथे सिग्नल नाही, रिक्षा नाही आणि आडवी येणारी म्हैसही नाही. हे कारण रस्त्यावर लागू होत नाही, ही साधी गोष्ट ब्रेक काढून फिरणाऱ्या मुलांना कुणी सांगितलेली दिसत नाही.

ट्रॅकवरून ही सायकल शहरात आली ती पोटासाठी धावणाऱ्या लोकांमुळे. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लंडन या शहरांत कागदपत्रे आणि पाकिटे सायकलवरून पोहोचवणारे कुरिअर असत. दिवसभर पाऊस, चिखल आणि गर्दीतून सायकल हाकायची, तर तिच्यात बिघडण्यासारखे जितके कमी तितके बरे, असा त्यांचा हिशेब होता. गिअरच्या तारा नाहीत, मागचा लोंबता गिअर नाही, चोराने काढून न्यावे असेही फारसे काही नाही. त्यांच्यातलाच एक, न्यूयॉर्कचा नेल्सन व्हेल्स, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट शर्यतीचे रौप्यपदक घेऊन आला. इंग्लंडमधल्या सायकल क्लबांत तर त्याच्याही खूप आधीपासून रिवाज होता की हिवाळ्यात चांगली सायकल टांगून ठेवायची आणि साध्या फिक्स्ड सायकलीवर मैलामागून मैल मारायचे. रस्त्यावरच्या मिठाने आणि चिखलाने गिअर खराब होण्याचा प्रश्न मिटायचा, पाय अखंड फिरत राहिल्याने थंडीतही गरम राहायचे आणि वसंतात गिअरच्या सायकलीवर परत बसताना पायडल मारण्यातले धक्के गेलेले असायचे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रंगीत रिमा, आखूड हँडल आणि उघडीबोडकी फ्रेम यांची जी लाट आली, तिच्यात हौस आणि फॅशन पुष्कळ होती. तुमच्या मुलाने ती घेतली तेव्हाही कारण बहुधा तेच असणार. पण फॅशनची वस्तू फॅशन ओसरल्यावर गॅलरीत धूळ खाते. तुमची सायकल रोज संध्याकाळी बाहेर निघते आहे आणि तुम्हाला ती दाखवायची तर कुणालाच नाही. म्हणून तुमच्याबाबतीत खरे कारण वेगळे आहे, आणि माझ्या मते जे लोक ही सायकल वर्षानुवर्षे चालवतात त्यांचेही कारण तेच आहे.

गिअरच्या सायकलीवर आपण किती वेळ पाय थांबवून असतो, हे फ्रीव्हील काढल्याशिवाय कळत नाही. सिग्नल दिसला की पाय थांबतात, खड्डा आला की थांबतात, शेजारच्याशी बोलताना थांबतात आणि काही कारण नसतानाही थांबतात. फिक्सीवर हे सगळे बंद होते आणि त्याच्या बदल्यात पन्नास पावलांपुढचा रस्ता आत्ताच वाचावा लागतो. रिक्षा कुठे वळणार आहे, सिग्नल किती सेकंदांनी बदलणार आहे, गतिरोधकावर कोणता पाय वर असेल, याचा अंदाज आधीच बांधून पायांचा वेग हलकेच उतरवावा लागतो. पुढे-पुढे तर वेगाचे सगळे बारकावे पायांतच येतात. हाताने ब्रेक दाबण्याऐवजी आपण पायडलाला किंचित नकार देतो आणि सायकल ते ऐकते. शाळेच्या क्रीडा महोत्सवातली स्लो सायकलची शर्यत तुम्ही कितीदा तरी घेतली असेल. चुन्याच्या दोन रेघांमध्ये मुले हँडल लटपटवत, ब्रेक कचाकचा दाबत, पाय टेकू न देता शेवटचा क्रमांक मिळवू पाहतात. तुमच्या फिक्सीवर तोच खेळ खेळून पाहा. पायडल इंचभर पुढे, इंचभर मागे करता येते, चाकही तसेच मागेपुढे होते आणि सायकल जवळजवळ जागच्या जागी उभी राहते. पार्किंगमधल्या पाच-सहा फेऱ्यांत तुमचे मन वह्या, वेळापत्रक आणि स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर राहते ते केवळ व्यायामामुळे नव्हे. या सायकलीवर दुसरीकडे लक्ष गेले की ती ताबडतोब आठवण करून देते. काहींना हे ओझे वाटते आणि ते आठवड्याभरात फ्रीव्हील लावून मोकळे होतात, त्यात कमीपणा नाही. तुम्ही महिना झाला तरी फेऱ्या मारता आहात, म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्या नाही.

या सायकलीच्या नावावर ज्या अतिशयोक्त गोष्टी सांगितल्या जातात, त्या मात्र बाजूला ठेवा. फिक्सी चढावर स्वतःहून वर ढकलते, असे लोक म्हणतात; चाकाची गती पायडलाला वरच्या-खालच्या अडत्या जागेतून पुढे नेते म्हणून तसे वाटते खरे, पण ती गती तुमच्याच पायांनी दिलेली असते. वजन थोडे कमी असते, चेन सरळ रेषेत चालते, आणि एवढ्यावर फायदे संपतात. गटातल्या लोकांचे गुडघ्यांबाबतचे म्हणणे मात्र अगदीच चुकीचे नाही. गुडघे दोन गोष्टींनी दुखतात: जड गिअरवर उभे राहून सुरुवात करण्याने आणि पायांनी खसकन थांबण्याने. दुसरीवर उपाय म्हणजे पुढचा ब्रेक, जो तुम्ही लावणारच आहात. पहिलीसाठी मागचे १६ दात्यांचे चक्र काढून १८ चे बसवा. टायरचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर आज पायडलाच्या एका फेऱ्यात तुम्ही ६.३ मीटर जाता. १८ दात्यांनी तेच अंतर ५.६ मीटर होईल. मिनिटाला ६० फेऱ्यांनी तुमचा वेग २० किलोमीटरच्या आसपास राहील, जो सोमेश्वरच्या रस्त्याला पुरेसा आहे. याची किंमत उतारावर द्यावी लागते: ४० च्या वेगाला पायांचे मिनिटाला जवळजवळ १२० फेरे होतात, आणि सवय नसलेली व्यक्ती त्या गतीला सीटवर उसळू लागते. म्हणून कसारा घाट किंवा तसा कोणताही लांब उतार या सायकलीला वर्ज्य समजा. त्र्यंबकेश्वरला गटाबरोबर जाताना आपली गिअरचीच सायकल न्या.

पहिला महिना एखाद्या मोकळ्या मैदानावर काढा. निघतानाच एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल, की पायडल उलटे फिरवून हव्या जागी आणता येत नाही. त्यासाठी सीट धरून मागचे चाक किंचित उचला आणि पायडल पुढे आणून ठेवा. सायकल हातात धरून चालताना पायडले फिरत राहतात आणि पोटरीवर आपटतात, तेव्हा थोडे अंतर ठेवून चाला. वळणावर आतल्या बाजूचे पायडल जमिनीला घासते, कारण ते वर धरून ठेवता येत नाही. म्हणून वळण सावकाश आणि सायकल फार न कलवता घ्या. पाय पायडलावरून सुटला तर फिरणारे पायडल नडगी फोडते, यासाठी पट्टे लावा, पण सुरुवातीला ते सैल असू द्या. ओढणी, सुटलेली बुटाची नाडी आणि रुंद पायाची सलवार यांना या सायकलीवर जागा नाही. साध्या सायकलीच्या चेनमध्ये कापड अडकले तर पाय थांबवला की चेन थांबते, इथे ती कापड ओढतच राहते. त्याच कारणाने चेन पुसताना चाक फिरवून फडके चेनवर धरण्याची सवय मोडा. फिरत्या चाकाच्या गतीने चेन बोट चक्रात ओढून नेते आणि त्यात बोटे तुटलेली आहेत. चेन मधोमध वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलावी, त्याहून सैल असेल तर ती उतरण्याचा धोका असतो, आणि उतरलेल्या चेनबरोबर पायांचा ब्रेकही जातो.

विकण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि टायर बदलायला चाक काढाल तेव्हा हबची दुसरी बाजू नीट पाहा, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. पुष्कळ फिक्सींच्या हबला दोन्ही बाजूंना आटे असतात, एका बाजूला फिक्स्ड चक्रासाठी आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलसाठी, म्हणजे टूर द फ्रान्सच्या त्या जुन्या स्पर्धकांसारखे चाक उलटे बसवून तुम्हाला एकाच सायकलीच्या दोन सायकली करता येतील. फ्रीव्हीलची बाजू वापरलीत तर पायांचा ब्रेक उरत नाही, तेव्हा मागच्या चाकालाही हाताचा ब्रेक लावावाच लागेल. मागच्या फ्रेमला त्यासाठी भोक आहे का तेही त्याच वेळी पाहून घ्या. चक्र बदलायचे काम नेहमीच्या दुकानदाराकडे दिलेत तर त्याला एवढे सांगून ठेवा की चक्रावरच्या लॉकरिंगचे, म्हणजे चक्र सुटू न देणाऱ्या कडीचे, आटे उलटे असतात आणि ती उजवीकडे फिरवल्यावर सुटते. हे माहीत नसलेला माणूस ती डावीकडे सोडवू पाहतो, म्हणजे खरे तर आणखी आवळत जातो, आणि मग हबचे आटे घालवून सायकल परत करतो.